अठरा वर्षं राहिलेला मास्तर

विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात. पुण्या-मुंबईची मुलं जूनच्या मध्यावर वर्गात बसलेली असतात, तेव्हा नागपूरची मुलं अजून कूलरसमोर लोळत असतात. मृग लागला तरी इथला पारा लवकर उतरत नाही. जून संपता संपता घंटा वाजते आणि जुलैचा पहिला पंधरवडा नवी पुस्तकं, हजेरीपट, गणवेश आणि गळक्या वर्गखोल्या यांत जातो. नेमक्या याच दिवसांत युरोप-अमेरिकेतली उन्हाळी सुटी भरात असते. तिकडच्या चर्चमधून ‘समर मिशन’ निघतात. कॉलेजात शिकणारी मुलं-मुली देणग्या गोळा करतात, विमानाची तिकिटं काढतात आणि दोन-तीन आठवडे आशियातल्या किंवा आफ्रिकेतल्या एखाद्या शाळेत ‘शिकवायला’ जातात. इंग्रजी गाणी, बायबलमधल्या गोष्टी, रंगीत कागदांच्या वस्तू, फुटबॉल आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांचा एकत्र फोटो. आता आपल्याकडची मुलंही अशा दौऱ्यांवर निघू लागली आहेत. मे महिन्यात इथल्या चर्चमधून सुटीतली बायबल शाळा भरते, तिथे लहानांना शिकवता शिकवता एखाद्या मुलीला वाटतं, आपणही कुठेतरी दूर जाऊन शिकवावं.

या इच्छेबद्दल मला मनापासून आदर आहे. विशीतल्या पोराला स्वतःच्या सुटीतले दिवस अनोळखी मुलांना द्यावेसे वाटतात, ही साधी गोष्ट नाही. पण शिकवणं हे दोन आठवड्यांचं काम आहे का, हा प्रश्न मला गप्प बसू देत नाही. या प्रश्नाचा विचार करायला नागपूरइतकं योग्य गाव दुसरं नसेल. परदेशातून धर्मकार्यासाठी आलेला एक शिक्षक या गावाने अठरा वर्षांहून अधिक काळ जवळून पाहिला. त्याने इथे काय शिकवलं, त्याला इथल्या लोकांनी काय शिकवलं आणि त्यातलं काय उरलं, याचा हिशेब आज करता येतो.

स्टीफन हिस्लॉपचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडच्या सरहद्दीवरच्या डन्स या लहान गावात झाला. एडिंबरा आणि ग्लासगो इथे त्याचं शिक्षण झालं. १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च दुभंगलं. धर्मगुरू नेमण्याचा अधिकार जमीनदारांचा की मंडळीचा, या वादातून शेकडो धर्मगुरू सरकारमान्य चर्च सोडून बाहेर पडले. घरं, पगार, इमारती सगळं मागे टाकून त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केलं. हिस्लॉप या बाहेर पडलेल्यांच्या बाजूचा. अशा कफल्लक झालेल्या चर्चने भारतातलं काम थांबवलं नाही, उलट नागपूरसारखं नवं ठिकाण हाती घेतलं. त्यामागे पैसा होता कामठी छावणीतल्या एका लष्करी अधिकाऱ्याचा. मद्रास सेनेतल्या विल्यम हिलने नागपूर प्रांतात मिशन सुरू व्हावं म्हणून सुमारे अडीच हजार पौंड देऊ केले होते आणि मुंबईच्या जॉन विल्सनने त्या प्रस्तावाचा पाठपुरावा केला होता.

त्याआधी एक प्रयत्न फार वाईट रीतीने फसला होता. अमरकंटकजवळ करंजिया इथे गोंडांमध्ये काम करायला जर्मन मंडळी आली होती. कारागीर, शेतकरी, शिक्षक अशी साधी माणसं होती ती. जंगलातला पावसाळा आणि रोगराई यांनी काही महिन्यांत त्यांतल्या बहुतेकांना नेलं. वाचलेले नागपूर-कामठीकडे सरकले. हवा, पाणी, भाषा यांची काहीच ओळख नसताना केवळ श्रद्धेच्या बळावर येऊन पडणं किती महाग पडतं, हे या लोकांनी प्राण देऊन दाखवलं. आजच्या दौऱ्यांना विमा असतो, बाटलीबंद पाणी असतं. पण गावाची ओळख नसणं तेव्हाइतकंच आजही आहे, फक्त त्याची किंमत आता पाहुण्याला चुकवावी लागत नाही.

हिस्लॉप आणि त्याची पत्नी एरास्मा १८४४ च्या अखेरीस मुंबईत उतरले आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपूरला पोचले. सुएझचा कालवा व्हायला अजून चोवीस वर्षं होती आणि मुंबईहून आगगाडी नागपूरला यायला बावीस. नागपुरात तेव्हा तिसऱ्या रघूजी भोसल्यांचं राज्य होतं. सीताबर्डीला ब्रिटिश रेसिडेंट, कामठीला कन्हानच्या काठी मद्रासी पलटणी. म्हणजे शहरात मराठी, दरबारात मोडी लिपीतली मराठी आणि फारसी, कामठीत तमिळ आणि तेलुगू, बाजारात हिंदुस्थानी आणि चहूबाजूंच्या रानात गोंडी. अशा ठिकाणी ज्याला शिकवायचं होतं, त्याला आधी स्वतः विद्यार्थी होणं भाग होतं. हिस्लॉप मराठी शिकला. रॉबर्ट हंटर नावाचा सहकारी लवकरच येऊन मिळाला. १८४६ मध्ये शहरात मुलांची शाळा उघडली. एरास्माने मुलींना शिकवायला सुरुवात केली.

या शाळेचा हेतू काय होता, हे स्पष्ट बोललं पाहिजे. मुलांना इंग्रजी, गणित, भूगोल मिळत होतं, पण शाळा काढली होती ती त्यांनी ख्रिस्ताकडे वळावं म्हणून. हिस्लॉपने हे कधी लपवलं नाही. पालकांनाही ते ठाऊक होतं. राजाच्या चाकरीत किंवा कंपनीच्या कचेरीत मुलाला जागा मिळावी म्हणून इंग्रजी हवं आणि बायबलचा तास सोसायचा, असा सौदा त्या काळी मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत हजारो घरांनी केला. सौदा मोडला की रडारड होई. मुंबईत १८३९ मध्ये विल्सनच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शाळेवर केवढं वादळ आलं आणि किती मुलं काढून नेली गेली, हे महशूर आहे. नागपुरातही १८४८ मध्ये तसंच घडलं. एका विद्यार्थ्याने ख्रिस्ती होण्याची इच्छा दाखवली आणि तो मिशनच्या आश्रयाला आला. राजाने तो आपला प्रजाजन म्हणून परत मागितला. राजाच्या नाराज रयतेला कंपनीने थारा देऊ नये असा करार होता. रेसिडेंटने मुलाला राजाच्या माणसांच्या स्वाधीन केलं आणि त्याला काही काळ अटकेत काढावा लागला. हिस्लॉपने याविरुद्ध जोरदार लिहिलं, भांडला.

या प्रकरणात मी कोणाच्या बाजूने उभा राहीन, हे ठरवणं मला सोपं जात नाही. सज्ञान होऊ घातलेल्या मुलाला आपला धर्म निवडण्याबद्दल तुरुंग दाखवणं अन्याय्य होतं. पण परक्या मास्तरच्या हाती पोर सोपवलेल्या आईच्या पोटात त्या रात्री काय कालवलं असेल, तेही खरंच. शिकवणाऱ्याला विद्यार्थ्यावर सत्ता असते. ज्याला ती सत्ता वापरून पोराचं घर बदलायचं आहे, त्याने निदान त्या घराच्या दारात रोज उभं राहण्याची तयारी ठेवली पाहिजे. हिस्लॉपने ठेवली होती. लोक रागावले, तेव्हाही तो गावातच होता. ज्यांनी पोरं शाळेतून काढली, त्यांच्याच गल्लीतून त्याला दुसऱ्या दिवशी जायचं होतं. दोन आठवड्यांच्या पाहुण्यावर अशी वेळ येत नाही. त्याच्या शब्दाचे परिणाम दिसू लागेपर्यंत तो आपल्या गावी परतलेला असतो.

नागपुरात राहण्याचं फळ हिस्लॉपला वर्गाबाहेर मिळालं. सीताबर्डीच्या उत्तरेला टाकळी म्हणून गाव होतं. आज ‘पोलीस लाइन टाकळी’ म्हणून ते शहराच्या पोटात गेलं आहे आणि शेजारच्या गिट्टीखदानचं नाव तिथल्या दगडकामाची आठवण ठेवून आहे. १८५१ मध्ये हिस्लॉप आणि हंटर यांना या टाकळीच्या परिसरात दगडात रुतलेले अवशेष सापडले. मग दोघांना ध्यासच लागला. फळं, बिया, पानं, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, माशांचे खवले, भुंग्यांच्या पाठीवरची कवचं, सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडं. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर म्हणजे एकावर एक वाहत आलेला लाव्हा. पण दोन वाहण्यांच्या मधे मोठा काळ गेला, त्या काळात तिथे तळी साचली, झाडं वाढली, जीव जगले आणि पुढच्या लाव्ह्याखाली गाडले गेले. डायनोसॉरांचा शेवट जवळ आलेला असतानाचं, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं ते नागपूर, टाकळीच्या टेकाडात पानापानांनी जपलेलं होतं. आजही या थरांचा अभ्यास करणाऱ्याला टाकळीचं नाव घ्यावं लागतं.

हंटर आणि हिस्लॉप यांचा नागपूरच्या भूगर्भावरचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. कामठीजवळच्या सिलेवाड्याच्या वालुकाश्मात त्यांना प्राचीन वनस्पतींचे ठसे मिळाले. त्या खडकांचं ‘कामठी’ हे नाव भूशास्त्रात कायमचं रुजलं आहे. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथे मिळालेली एका उभयचराची कवटी लंडनला गेली आणि डायनोसॉर हे नाव ज्याने दिलं त्या रिचर्ड ओवेनने तिचं वर्णन करून ‘ब्रॅकिऑप्स’ असं नामकरण केलं. टाकळीला मिळालेल्या एका हिरव्या खनिजाला १८५९ मध्ये ‘हिस्लोपाइट’ नाव मिळालं. हंटर तोवर प्रकृती ढासळून १८५५ मध्येच परतला होता. पुढे त्याने इंग्रजीचा अनेक खंडांचा ‘एन्सायक्लोपीडिक डिक्शनरी’ हा प्रचंड कोश संपादित केला. हिस्लॉप मात्र राहिला.

हे सगळे नमुने लंडनला गेले, इथे उरलं ते थोडं, ही खंत मला आहे. सेमिनरी हिल्सवर आज भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे आणि नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात ते वस्तुसंग्रहालय १८६३ सालचं. पण टाकळीतली किती मुलं जाणतात, की आपण रोज ज्यावरून चालतो तो दगड जगाच्या पाठ्यपुस्तकांत आहे? नागपूरच्या शाळांनी भूगोलाच्या तासाला मुलांना तिथे न्यायला हवं. परका माणूस येऊन जे बघू शकला ते आपल्या मुलांना दाखवायला आपल्याला अजून वेळ मिळालेला नाही.

या मास्तरची दुसरीही बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी वारले. दत्तकाचा हक्क नाकारून डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती-घोडे, दागदागिने लिलावात गेले. १३ जून १८५७ च्या रात्री टाकळीच्या घोडदळाने उठाव करायचा बेत आखला होता, तो फसला. शहरातल्या ओळखीतून हिस्लॉपला आधीच सुगावा लागला आणि त्याने अधिकाऱ्यांना सावध केलं, असं जॉर्ज स्मिथने १८८८ मध्ये लिहिलेल्या त्याच्या चरित्रात म्हटलं आहे. स्मिथ ही गोष्ट गौरवाने सांगतो. नागपूरच्या माणसाला ती तशी वाचता येत नाही. बेताची कुणकुण लागण्याइतका तो या शहरात मिसळला होता आणि वेळ आली तेव्हा तो राज्यकर्त्यांच्या बाजूला उभा राहिला, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. परदेशी शिक्षक आपल्याबरोबर फक्त पुस्तकं आणत नाही, आपल्या देशाची ताकदही आणतो, मग त्याला ती नको असली तरी. आज ताकद बंदुकीची नसते, पासपोर्टची आणि पैशाची असते. वर्गात पाहुणा आला की आपले मास्तर आपोआप एक पाऊल मागे सरतात आणि मुलं ते बघतात.

हिस्लॉपचं सगळ्यात मोठं काम माझ्या मते शाळा नव्हे आणि खडकही नव्हेत. ते आहे त्याच्या मृत्यूनंतर बाहेर आलेले कागद. भोवतालच्या गोंडांकडे जाऊन, त्यांच्या परधानांना समोर बसवून त्याने त्यांचं ऐकलं. परधान म्हणजे गोंडांचे गायक, वंशावळ आणि देवांच्या कथा मुखात राखणारे. त्यांच्या तोंडून त्याने लिंगोची कथा गोंडीत जशीच्या तशी उतरवली आणि शब्दाला शब्द ठेवून तिचा अर्थ लिहिला. गोंडांना गुहेत कोंडलं जातं, लिंगो त्यांना सोडवतो, त्यांना शेती, गोत्रं, देव, लग्नाच्या रीती देतो, भाऊबंदांच्या रागाला बळी पडून मरतो आणि पुन्हा जिवंत होतो. एका समाजाची घडणच त्या गाण्यात आहे. रिचर्ड टेंपलने हे कागद संपादित करून १८६६ मध्ये नागपुरातच छापले. धर्म शिकवायला आलेल्या माणसाने दुसऱ्याचा धर्म इतक्या निगुतीने लिहून ठेवला, हे मला थोर वाटतं. त्याच्या मनात त्या लोकांना आपल्या धर्मात आणण्याचाच हेतू असेल. तरीही लिहिताना त्याने गाणं आपल्या मापाने कापलं नाही, त्यांच्या भाषेत ठेवलं. म्हणून ते पुढच्यांच्या कामी आलं.

पुढचे कोण? कॅप्टन फोर्सिथने आपल्या पुस्तकात त्या कथेचं इंग्रजी पद्य केलं, नागपूरचा बिशप आयर चॅटरटन याने १९१६ च्या ‘स्टोरी ऑफ गोंडवाना’त गोंडांवर लिहिलं. पण खरं उत्तर मिळालं ते शंभरहून अधिक वर्षांनी आणि तेही नागपुरातूनच. मोतीरावण कंगाली हे गोंड समाजातले भाषाभ्यासक. त्यांनी पारी कुपार लिंगोवर आणि गोंडी पुनेमवर, म्हणजे गोंडी धर्मावर, आयुष्यभर लिहिलं. छापील कथेत महादेव-पार्वती म्हणून जे आलं आहे त्यावर बाहेरचा लेप चढला आहे, आपल्या परंपरेतले शंभू आणि गौरा वेगळे, अशी त्यांची मांडणी. कथेतली ‘काचीकोपा लोहागड’ ही गुहा म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं, सालेकसा तालुक्यातलं कचारगड, असं त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवून दिलं. १९८० च्या दशकापासून तिथे माघ पौर्णिमेला जत्रा भरू लागली आणि आता महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लाखो गोंड तिथे येतात. पिवळे शेले, सप्तरंगी झेंडे, ढोलांचा आवाज आणि गुहेपर्यंतची चढण. परक्याने लिहून ठेवलेलं वाचायचं, तपासायचं, चुकलं तिथे दुरुस्त करायचं आणि आपलं म्हणून परत घ्यायचं, हे कंगालींच्या पिढीने केलं. शिक्षकाला मिळू शकणारा याहून मोठा मान मला माहीत नाही, आणि तो हिस्लॉपला त्याच्या शाळेतल्या एखाद्या विद्यार्थ्याने दिला नाही.

पुन्हा हिस्लॉपच्या काळाकडे येतो. १८६१ मध्ये मध्य प्रांत हा नवा इलाखा झाला आणि पुढे टेंपल त्याचा चीफ कमिशनर झाला. जमिनीखालचं आणि जमिनीवरचं बघायची हौस टेंपल आणि हिस्लॉप दोघांनाही. नागपूरभोवती जुनापाणी, टाकळघाट अशा ठिकाणी मोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांची ही दफनं. आत लोखंडी हत्यारं, मडकी, मणी सापडतात. पुढे १९६० च्या दशकात तिथे शास्त्रशुद्ध उत्खननं झाली, टाकळघाट-खापा हे नाव पुरातत्त्वात रूढ झालं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टेंपलबरोबर हिस्लॉप टाकळघाटची वर्तुळं बघायला गेला. आज बुटीबोरीच्या कारखान्यांनी वेढलेला हा भाग तेव्हा ओढ्या-नाल्यांनी चिरलेला माळ होता. काम आटोपलं, मंडळी बोरीच्या मुक्कामाकडे परतली. हिस्लॉप मागे थांबला. गावातली शाळा तपासायची राहिली होती.

मुलांची परीक्षा घेऊन तो घोड्यावरून एकटाच निघाला. पाऊस पडून गेला होता, वाटेतला नाला फुगला होता. मुक्कामावर घोडा पोचला, त्याच्या पाठीवर कोणी नव्हतं. शोधाशोध झाली तेव्हा पाण्यात प्रेत मिळालं. शेचाळिसाव्या वाढदिवसाला चार दिवस कमी होते. ज्या शाळेसाठी तो थांबला, ती त्याच्या मिशनची मोठी शाळा नव्हती, एका खेड्यातली होती. तिथली पोरं कोण, त्यांना त्या संध्याकाळी कोणती गणितं घातली, याचा कुठे पत्ता नाही.

त्याच्या नावाचं महाविद्यालय १८८३ मध्ये सुरू झालं. आधी कलकत्ता, मग अलाहाबाद आणि १९२३ नंतर नागपूर विद्यापीठ, असं ते जोडलं गेलं. मध्य प्रांतातल्या वकील, प्राध्यापक, पुढाऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिथून बाहेर पडल्या. माधव सदाशिव गोळवलकर तिथेच शिकले, आणि तिथला ख्रिस्ती प्रचार त्यांना खटकत असे, असं त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. शाळा काढणाऱ्याच्या मनात एक असतं, शिकणाऱ्याच्या मनात दुसरं उगवतं. हे शिक्षणाचं अपयश नाही. मुलं ऐकतात, पारखतात आणि आपलं ठरवतात, म्हणूनच शिकवण्याला अर्थ आहे. पुढे डेव्हिड मोझेस हे भारतीय शिक्षक हिस्लॉपचे प्राचार्य झाले आणि १९६१ मध्ये जागतिक चर्च परिषदेच्या अध्यक्षमंडळात निवडले गेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या चर्चनी एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन केलं, तेही नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये. राष्ट्रीय चर्च परिषदेचं मुख्यालय नागपुरातच आहे. परदेशी मिशनांनी सुरू केलेला कारभार इथल्या माणसांच्या हाती येण्याच्या वाटेवर हे गाव वारंवार लागतं.

थोडक्या भेटीनेही आयुष्य पालटतं, असं कोणी म्हणेल. त्याचा दाखलाही नागपूरचाच. कवी नारायण वामन टिळक नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. काव्यावर, धर्मावर गप्पा झाल्या, वॉर्डनी नवा करार हातात दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे त्या घराची झालेली होरपळ आणि पुढचं समजूतदार सहजीवन मराठी वाचकाला घरचं वाटतं. पण प्रवास थोडका होता, वॉर्ड थोडक्या दिवसांचे पाहुणे नव्हते. कित्येक वर्षं या मुलखात काढलेला माणूस समोरच्या कवीशी बरोबरीने बोलला, म्हणून ती भेट भेट झाली. टिळकांना कोणी शिकवायला आलं असतं, तर त्यांनी त्याला पुढच्या स्टेशनवर उतरवलं असतं.

आणि आपल्याकडून कोणी शिकवायला तिकडे गेलं तर? पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाटखर्चासाठी आपल्या ‘स्त्रीधर्मनीति’ची विक्री कामी आली. वाँटेजच्या मठात त्यांनी राहायचं, भारतात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचं आणि स्वतः इंग्रजी शिकायचं, असं ठरलं होतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या. तिथे प्रश्न आला, की या बाईने पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं का? भारतातल्या दोन बिशपांनी हरकत घेतली. असं केलं तर मायदेशी तिची पत जाईल, ही त्यांची काळजी. रमाबाईंनी ठणकावून उत्तर दिलं. भारतभर भरसभांत पुरुषांपुढे बोललेल्या पंडितेला तिच्या देशात काय चालेल हे परके बिशप सांगत होते! पाठवणाऱ्याला नेहमी वाटतं, की शिक्षक आपला आहे. मठातल्या भगिनींना रमाबाई आपलीच लेक वाटत होत्या, तिने आपलं ऐकावं असं वाटत होतं. रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. परदेशात सहा वर्षं शिकत-शिकवत काढल्यावर आपलं काम कोणतं, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

आता आजच्या तरुणांकडे येतो. भारतात यायचं, तर पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही, त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. त्यामुळे ‘शिकवायला’ येणाऱ्या पुष्कळांचं शिकवणं नावापुरतं राहतं किंवा त्याचं दुसरं काहीतरी नाव पडतं. मला ही लपवाछपवी मुळीच आवडत नाही. मुलांपुढे उभं राहणाऱ्याने आपण कोण, कशासाठी आलो, हे उघडपणे सांगता येईल अशाच रीतीने यावं. हिस्लॉपशी कितीही मतभेद असोत, तो कशासाठी आला हे नागपुरात प्रत्येकाला ठाऊक होतं.

दुसरं म्हणजे त्या शाळेत आधीच एक शिक्षक आहे. वर्षानुवर्षं तुटपुंज्या पगारावर, कधी तासिका तत्त्वावर, तो त्याच पोरांना शिकवतो आहे. पाहुणे आले की त्याचा वेळापत्रकातला धडा मागे पडतो, आणि पाहुणे गेले की तो भरून काढायचा असतो. मुलं आठ दिवस पाहुण्या ताईची वाट बघतात, मग विसरतात, आणि पुढच्या वर्षी दुसरी ताई येते. अनाथाश्रमात तर हे फारच क्रूर होतं. ज्या मुलांना सोडून जाणाऱ्यांचीच सवय आहे, त्यांच्या गळ्यात पडून पुन्हा सोडून जायचं, याला सेवा म्हणायला माझी जीभ धजत नाही. नागपूरहून नेपाळला किंवा केनियाला निघालेल्या मुलीलाही हेच लागू आहे. आपल्या मुलांवर जे होऊ नये असं वाटतं, ते आपण दुसऱ्यांच्या मुलांवर करू नये.

तिने जाऊच नये का? जावं. पण पहिल्या खेपेला वर्ग घेऊ नये. त्या शाळेतल्या बाईंच्या हाताखाली बसावं, वह्या तपासायला मदत करावी, त्यांची भाषा ऐकावी. पटलं तर परत जाऊन ती भाषा शिकावी आणि वर्ष-दोन वर्षांसाठी त्याच शाळेत यावं. जमत नसेल, तर विमानाच्या तिकिटाचे पैसे त्या बाईंच्या पगारात घालावेत. बरीच चर्च आता असा विचार करू लागली आहेत, आणि करावाच.

आणि दूर जायची ओढ असलेल्यांना नागपूरहून गडचिरोलीचा रस्ताही आहे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मुलं आपल्या भाषेत शिकतात, शाळा गावाची आहे. सरकारी मान्यतेचा झगडा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत आला. तिथे कोणाला मदत करायची असेल, तर त्याला आधी गोंडी शिकावी लागेल, ग्रामसभेला विचारावं लागेल आणि गाव म्हणेल ते काम करावं लागेल. कदाचित गाव म्हणेल, तुमची गरज नाही. तेही ऐकून घ्यावं लागेल.